लुकड्याचं पडणं

कावळा काही शिवेना.

कायगावच्या घाटावर ऊन चढलं होतं. पानावरचा पिंड सुकत चालला, माणसं हात जोडून ताटकळली, आणि बाभळीवरचे कावळे मेले इकडं ढुंकूनही बघायला तयार नव्हते. पडेगावच्या नानासाहेबांचा दहावा. एवढा ढेरपोट्या, हसरा माणूस. त्याचा जीव कशात अडकला असेल, कुणाला कळेना.

"पोराचं लगीन आम्ही लावू, नाना," थोरला भाऊ म्हणाला. कावळा नाही. "जमीन इकणार नाय." कावळा नाही. विहिरीवरची मोटर भावकीत कुणाला देणार नाय, ह्याचंही वचन देऊन झालं. नाहीच.

गुरुजींनी शेवटी दर्भ हातात घेतला. "दर्भाचा कावळा करून शिवून घेऊ. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा नाय." नानासाहेबांची बायको, द्वारकाबाई, इतक्या दिवसांत पहिल्यांदा बोलली. "खराच पाहिजे. त्यांचा राग माझ्यावर हाय." आणि तिला रडू फुटलं. "दवाखान्यात ते मोबाईलवर त्यो जाड्या-लुकड्याचा पिक्चर बघत व्हते. हसू आलं की खोकल्याची उबळ यायची. म्हणून म्या मोबाईल काढून घेतला. पहाटं गेलेच ते. पिक्चर अर्धाच राहिला."

तो जुना काळा-पांढरा परदेशी सिनेमा सगळ्यांना माहीत होता. नानासाहेब आणि कृष्णा, वाळूजला एकाच कंपनीत जन्म काढलेले दोस्त, कुणाच्याही हळदीत त्याचीच नक्कल करायचे. नानासाहेब जाड्या, कृष्णा लुकड्या. माणसं हसून हसून मांडवात लोळायची.

नानासाहेबांच्या सत्यमनं मोबाईल काढला, राहिलेला पिक्चर लावला आणि पिंडापुढं धरला. हसू नका. बापासाठी पोरगं काय करत नाही? पण त्यातलं ते टणटण संगीत सुरू झालं आणि जे दोन कावळे जरा जवळ सरकले होते, तेही भुर्रकन उडाले.

"बंद कर ते," मागून कृष्णा म्हणाला. साठी उलटलेला, काटकुळा, कमरेला पट्टा बांधलेला. "त्याला बघून समाधान नाय व्हायचं. त्याला करायला लागतंय."

"काका, तुमची कंबर..."

कृष्णानं ऐकलं नाही. छाती काढून, मान ताठ करून, मोठ्या ऐटीत तो ओल्या पायऱ्या उतरायला लागला. शेवाळावर पाय गेला, दोन्ही तंगड्या आभाळात, आणि धप्पकन आडवा. बायका किंचाळल्या.

"अहो, काय चाललंय हे! जागा कुठली, वेळ कुठली!" गुरुजी कडाडले.

आणि द्वारकाबाई हसली. पदराचा बोळा तोंडात कोंबला तरी हसू फुटलंच. डोळ्यांतून पाणी गळतंय आणि पोट धरून हसतेय, नवऱ्याच्या पिंडासमोर. जावेनं दंडाला चिमटा काढला. तरी थांबेना.

"शिवला! शिवला!" सत्यम ओरडला.

कावळा पिंडावर बसला होता. सगळ्यांनी हात जोडले. थोरल्या भावाला हुंदका आला, गुरुजी आवराआवरीला लागले. सुटलो बाबा, म्हणत माणसं चपला शोधायला निघाली.

कृष्णा मात्र अजून पायरीवर उताणाच होता, एक हात वर ताणून. पुढचा खेळ अख्ख्या पडेगावला पाठ होता: जाड्या यायचा, हात द्यायचा, ओढता ओढता स्वतःच घसरायचा आणि सगळ्या वजनासकट लुकड्याच्या अंगावर.

द्वारकाबाई डोळे पुसत त्याच्याजवळ आली. तिनं हात पुढं केला, पण धरणार कुठं? कृष्णाची बोटं आधीच घट्ट मिटलेली होती, कुणाचा तरी हात धरल्यासारखी.

"उठा, भावजी. शिवला कावळा."

कृष्णाचं तिच्याकडं लक्षच नव्हतं. तो तिच्या खांद्यावरून मागं बघत होता.

"सरका, वहिनी, बाजूला सरका," तो घाईघाईनं म्हणाला. "नाना घसरला."