अठ्ठेचाळीसची पावती

श्यामसुंदर मुळ्यांनी पोलिसांचं स्टॉपवॉच कानाशी धरलं, बटण दाबलं आणि डोळे मिटले. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी परवानगी दिली होती, नाहीतर आरोपीच्या हातात पुरावा कोण देतो?

मुळे जबलपूरच्या तोफांच्या कारखान्यात मापं तपासायचे. केसभर चुकलेला भाग त्यांनी सव्वीस वर्षांत एकदाही पास केला नव्हता. वरून साहेबाचा फोन आला तरी नाही. अशा माणसावर स्कूटर भरधाव हाकल्याचा खटला झाला म्हटल्यावर कारखान्यातल्या लोकांनी आधी तारीख बघितली, एक एप्रिल तर नाही ना म्हणून.

गोष्ट महिन्यापूर्वीची, भर दुपारची. स्टेशनच्या रस्त्यावर पोलिसांनी दोनशे मीटरच्या अंतराने चुन्याच्या दोन रेघा ओढल्या होत्या. पहिल्या रेघेवरच्या शिपायाने रुमाल हलवायचा, दुसऱ्या रेघेवर हवालदार तुळशीरामने घड्याळ सुरू करायचं. मुळ्यांची स्कूटर पंधरा सेकंदांत आली. म्हणजे ताशी अठ्ठेचाळीस किलोमीटर. मर्यादा चाळीसची. तुळशीरामने शिट्टी मारली, स्कूटर थांबली नाही. त्याने नंबर टिपून घेतला.

थांबणार कशी? मागच्या सीटवर विनताबाई होत्या आणि त्यांच्या मांडीवर डिंकाच्या लाडवांचा डबा होता. त्यांच्या मुलाची, बंडूची पलटण पूर्वेच्या सरहद्दीकडे निघाली होती. गाडी जबलपूरला पाणी भरायला दहा मिनिटं थांबेल, असा निरोप रेल्वेतल्या ओळखीच्या माणसाने ऐनवेळी पाठवला होता. दोघं फलाटावर पोचले तेव्हा शेवटचा डबा फलाट सोडत होता. त्यातून कोणीतरी हात हलवला. तो हात बंडूचा होता की नाही, यावर नवराबायकोचं अजून एकमत नव्हतं.

आता लढाई सुरू होऊन आठ दिवस झाले होते. कोर्टाच्या खिडक्यांच्या काचांवर ब्लॅकआउटचे कागद चिकटवलेले होते. बंडूचं पत्र नव्हतं. दंड भरा आणि मोकळे व्हा, असं विनताबाईंनी चारदा सांगून पाहिलं होतं. मुळ्यांचा हेका एकच, चुकीच्या मापापुढे मान तुकवायची नाही. शेवटी त्याही आल्या आणि मागच्या बाकावर बसल्या.

मुळ्यांनी डोळे उघडले. या घड्याळाचं बटण दाबलं तरी काटा तीन सेकंद जागचा हलत नाही, असं त्यांनी साहेबांना हिंदीत समजावून सांगितलं. हातच्या कांकणाला आरसा कशाला? साहेबांनी आपलं मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. तीनदा पाहिलं. साहेबांच्या घड्याळात अठरा सेकंद व्हायचे तेव्हा तुळशीरामच्या घड्याळात पंधराच. तुळशीराम आपल्या बुटांकडे बघत उभा राहिला.

तर मग खरा वेग किती होता, साहेबांनी विचारलं.

"चालीस, साहब. ठीक चालीस," मुळे म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, कारखान्यात एखादा भाग अचूक उतरला की चढायचा तसा. "मेरी नजर स्कूटर के कांटे पर थी. चालीस के ऊपर जाने ही नहीं दिया."

मागचं बाक करकरलं. विनताबाई उभ्या राहिल्या होत्या.

"काटा बघून राहिले होते तुम्ही?" त्या मराठीत म्हणाल्या. "मी पाठीवर बुक्क्या मारून राहिले होते, अन् तुम्ही म्हणाले, गाडीत एवढाच दम आहे."

मुळ्यांच्या मुठीत घड्याळ टिकटिकत होतं. अठ्ठेचाळीसने गेलो असतो तर, हा हिशेब त्यांनी महिनाभर मनात येऊ दिला नव्हता. आता तो आपोआप झाला. दोन मिनिटं आधी पोचले असते. दोन मिनिटांत पोरगा डोळे भरून दिसला असता.

बाई काय म्हणतायत, असं साहेबांनी विचारलं.

मुळ्यांनी घड्याळ बंद करून टेबलावर ठेवलं, सरळ रेषेत, काटा वर करून. "कह रही हैं, घड़ी ठीक है," ते म्हणाले. "मुझसे ही जांचने में गलती हुई, साहब. मैं अड़तालीस पर था."

आत्ताच तर तुम्ही तीनदा दाखवलंत, असं साहेब म्हणाले. माझ्या बोटांना आता कंप सुटतो, बटण उशिरा दाबलं गेलं, असं मुळ्यांनी सांगितलं. त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर अगदी स्थिर होते. साहेबांनी ते पाहिले, मागे उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं आणि आणखी काही न विचारता गुन्हा कबूल असं लिहून टाकलं.

दंडाची पावती घेताना मुळ्यांनी तिच्यावर वेगही लिहा म्हणून विनंती केली. कारकून म्हणाला, तसा रकाना नाही. "लिख दो," साहेब म्हणाले.

बाहेर चिंचेखाली स्कूटर उभी होती. विनताबाईंनी पावती दोनदा वाचली, घडी केली आणि बंडूच्या जुन्या पत्रांच्या पाकिटात ठेवली. हे पाकीट त्या आताशा कुठेही जाताना जवळ बाळगायच्या.

"बंडूला हेच लिहीन," त्या म्हणाल्या. "बाबा अठ्ठेचाळीसने आले होते म्हणून."

मुळ्यांनी मान हलवली आणि किक मारली. पुलाच्या पुढे रस्ता मोकळा लागला. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं, घाई कसलीच नव्हती. मुळ्यांनी मूठ पूर्ण पिळली. विनताबाईंनी त्यांचा कोट घट्ट धरला, पण हळू चालवा असं काही त्या म्हणाल्या नाहीत.