कणसांवरची पाखरं

दहाव्या दिवशीही एक पाखरू आलं नाही. किसनराव गुरुजींनी निंबाच्या फांदीला बांधलेली ज्वारीची कणसं तशीच लोंबत होती. खाली मातीच्या परळात पाणी होतं. ते रोज बदलत. त्यात निंबाची पिवळी पानं तेवढी पडत.

ओसरीत बाजेवर जमुनाबाई पडल्या होत्या. दिवाळीत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. पाय थोडा हलू लागला, शब्द मात्र आला नाही. अकोल्याचे डॉक्टर म्हणाले होते, "बोलल्या तर आत्ताच बोलतील, गुरुजी. उन्हाळा लागला की मग फार आशा धरू नका." गुरुजींनी चौतीस वर्षं पोरं बोलती केली होती. त्यांनी बायकोसमोर बाराखडी म्हटली. चित्रं धरली. जमुनाबाई भिंतीकडे तोंड फिरवत.

मग त्यांना पाखरं आठवली. गुरुजी शाळेत असत, शेत जमुनाबाई पाहत. ज्वारी भरली की त्या दिवेलागणीला घरी येत. घसा बसलेला असे, खांद्यावर गोफण असे, आणि बोलणं एकच. "आज लय पाखरं आली होती." गुरुजी त्यांच्या हातावर खडीसाखर ठेवत. जी रोज पाखरांचंच सांगायची, तिला पाखरंच दाखवावीत, असं त्यांच्या मनानं घेतलं.

गावात आता ज्वारी कोणी पेरत नव्हतं. कणसांसाठी ते बार्शीटाकळीपर्यंत जाऊन आले.

"बाबा, गावात पाखरंच नाई राह्यली," सून चंदा म्हणाली. "कोनाची वाट पाहून राह्यले तुमी?"

"तिची," गुरुजी म्हणाले.

अकराव्या सकाळी एक चिमणी कुंपणावर बसली. मान वाकडी करून तिनं कणसं पाहिली आणि उडून गेली. गुरुजींनी डोळे मिटले. उघडले तेव्हा फांदीवर चार चिमण्या होत्या. मग दहा. मग मोजता येईनात. कणसं झुलू लागली, खाली कोंडा सांडू लागला. मोरीवर चंदाची भांडी वाजत होती. गुरुजींनी बाजेशेजारी बसूनच दारातून हातानं खूण केली, तशी तीही थांबली. अंगणात नुसता चोचींचा टिपटिप आवाज.

जमुनाबाईंनी मान वळवली.

पण त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. कपाळाला आठ्या पडल्या. श्वास भरभर चालू झाला. चांगला हात उशाशी काहीतरी चाचपू लागला, सापडेना. डोळ्यांत पाणी आलं. गुरुजींना वाटलं, आपण हिला आणखी त्रासच दिला. कणसं सोडून आणावीत म्हणून ते उठले. पायऱ्या उतरले, फांदीकडे हात नेला.

"हाऽऽ हुर्रऽऽ!"

आवाज बसका होता, पण शेताच्या धुऱ्यापर्यंत जाणारा. सगळा थवा भर्रकन उडाला.

खरकट्या हातांनी चंदा धावत आली. रिकामी फांदी पाहून तिचा जीव हळहळला. "एवढ्या दिसानं आली होती बिचारी. कोनं उडवली जी?"

गुरुजी परळाशेजारी मटकन खाली बसले होते. ओसरीकडे बोट करून ते म्हणाले,

"तुह्या सासूनं."