३८-५५

बाबांच्या जुन्या रायफलीचं '३८-५५' काडतूस दुकानात मिळेनासं झालं, तेव्हापासून ते घरीच भरायचे. दोनशे पंचावन्न ग्रेन वजनाची शिशाची गोळी, मागे तोलून घातलेली दारू. मार्चमध्ये बाबा गेले, तेव्हा त्यांच्या हातचं एकच काडतूस डब्यात उरलं होतं.

नोव्हेंबरात त्यांची मुलगी कोरीन ते घेऊन व्हरमाँटच्या रानात गेली. घरातला फ्रीझर रिकामा होता. तीस पावलांवर हरणाचा एक मोठा नर येऊन उभा राहिला आणि निघूनही गेला. तिचं बोट चापावर तसंच राहिलं.

घरी येऊन तिने काडतूस परत डब्यात ठेवलं.

"हरीण दिसलंच नाही गं, आई."

आई भांडी पुसत राहिली.

"असू दे. काल तुझ्या दादालाही नाही दिसलं."

 

आईने काडतुसाच्या डब्याचं झाकण लावलं. "आणि परवा मलाही."