मान माझी आहे

स्तोइल आजोबांनी बनित्साचं ताट पुन्हा उचललं. राडिनाचा हात हवेतच राहिला.

"पण मी हो म्हणाले!"

"म्हणालीस कुठे? मान वर-खाली केलीस. आमच्या गावात त्याला 'नाही' म्हणतात." आजोबा मिशीत हसले. "हो म्हणायचं तर मान अशी, डावीकडून उजवीकडे. आमच्या म्हशीलासुद्धा जमतं."

बनित्साच्या पापुद्र्यांतून गरम चीजचा वास येत होता. एकदा मान हलवली की काम झालं असतं. पण राडिना दहा वर्षांची होती, आणि शिकागोहून एवढ्या लांब ती कुणापुढे हार मानायला आली नव्हती. तिने आजोबांच्या डोळ्यांत डोळे घातले आणि मान जोरजोरात वर-खाली केली.

"मान माझी आहे. मी माझ्यासारखीच हलवणार."

"आणि बनित्सा माझी आहे," असं म्हणून आजोबा ताट घेऊन आत गेले. थोड्या वेळाने खिडकीत एक वाडगा पालथा घातलेला दिसला. खाली बनित्साचा भलामोठा तुकडा होता. राडिनाने तो संपवून वाडगा पुन्हा पालथा घातला.

सुट्टीभर हे युद्ध चाललं. "येतेस का विहिरीवर?" असं आजोबा विचारत. ती मान वर-खाली करी. आजोबा खुशाल एकटे निघत, आणि ती मागून धावत जाई.

"अगं, हलव की एकदा त्यांच्यासारखी. तुझं काय जातं?" आई म्हणायची.

"मग त्यांचं काय जातं?"

बाबांना हसू यायचं. त्यांचा जन्म याच घरातला. पण शिकागोत इतकी वर्षं काढल्यावर त्यांची मानही तिकडचीच होऊन गेली होती. आजोबा टोमणा मारत, "ल्युबेन, तू हो म्हणतोस की नाही म्हणतोस, हे आता तुझ्या बापालाही विचारावं लागतं."

आजोबांच्या 'नाही'ला आवाजही होता. मान झटक्यात वर जायची, खाली यायची आणि जिभेवर वाजायचं, च्क! दूध काढताना म्हशीने पाय उचलला की च्क. शेजारची पेना फुकटचा सल्ला द्यायला लागली की च्क. राडिनाला तो आवाज फार आवडायचा. पण आपण काढला तर आजोबा जिंकले असं होईल, म्हणून ती ओठ घट्ट मिटून ठेवायची.

एके दिवशी गोठ्यात तिने विचारलं, "मी काढू दूध?" आजोबांनी आजूबाजूला कुणी नाही ना, ते पाहिलं. मग हळूच मान वर-खाली केली. तिच्या रीतीने. "कुणाला सांगू नकोस हं," ते म्हणाले. राडिनाने दूध राहू दिलं आणि धावत जाऊन सगळ्यांना सांगितलं.

निघायच्या आदल्या संध्याकाळी अंगणात लाल ढोबळ्या मिरच्या भाजायचं काम चाललं होतं. आजोबा काळी पडलेली सालं सोलत होते. बाबा त्यांच्यासमोर येऊन बसले.

"बाबा, गेल्या हिवाळ्यात तुम्ही बर्फात पडलात. पेनाने पाहिलं म्हणून वाचलात. घराला कुलूप लावू, म्हैस पेनाला देऊ. कायमचे आमच्याकडे चला."

हे बोलणं निघालं की आजोबा दरवेळी उठून गोठ्यात जात. आजही ते उठायला लागले. बाबांनी राडिनाला पुढे केलं. "तू विचार. तुला नाही म्हणायचे नाहीत."

राडिनाला ते हवंच होतं. शिकागोत सकाळी उठावं आणि स्वयंपाकघरात मिशीतलं हसू दिसावं, एवढंच तिला हवं होतं. ती आजोबांच्या गुडघ्याला टेकून उभी राहिली.

"आजोबा, याल आमच्याकडे? कायमचे?"

आजोबांचे हात थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग गोठ्याकडे. मग त्यांची मान वर गेली आणि खाली आली.

"हो म्हणाले!" बाबा ताडकन उठले. "नातीसाठी नातीच्या रीतीने हो म्हणाले! राडिना, जिंकलीस तू!" आईने डोळे पुसले. बाबांनी तिकीट बघायला फोन काढला. पोराचा तो आनंद पाहून आजोबांचं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. ते पुन्हा मिरच्या सोलू लागले.

पण राडिना त्यांच्या अगदी जवळ उभी होती. मान वर गेली, तेव्हा मिशीच्या आड काहीतरी वाजलं होतं. अगदी बारीक.

ती गप्प राहिली असती, तर आजोबा तिचेच होते.

"बाबा, फोन ठेवा."

"का? हो म्हणाले ना ते?"

राडिनाने हनुवटी वर फेकली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तिने जीभ टाळूला लावली आणि वाजवली, च्क! गोठ्यातल्या म्हशीनेही वळून पाहिलं.

"म्हणजे?" बाबांनी विचारलं.

"मान त्यांची आहे."

बाबा बराच वेळ आपल्या वडिलांच्या काळ्या झालेल्या बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी फोन खिशात टाकला, वडिलांशेजारी बसून एक मिरची सोलायला घेतली, आणि त्यांची मान हळूहळू, गावच्या रीतीने, डावीकडून उजवीकडे हलली.