तीनशे सतरावी ठिणगी

आकाशात बंद पडलेलं इंजिन पुन्हा पेटवून बघायचं की नाही, हे आता वैमानिक नव्हे, संगणक ठरवायचा. त्याचे नियम जिथे लिहिले जात, त्या प्रयोगशाळेत यामिनी टिळेकरने गारठलेल्या इंधनाच्या फवाऱ्यात पाचशे ठिणग्या पाडल्या आणि लेसरने प्रत्येकीचा फोटो टिपला.

"चारशे नव्याण्णव विझल्या," प्रमुख गोखलेसर म्हणाले. "सगळ्या फोटोंच्या सरासरीत आगीचा मागमूस नाही. नियमाच्या कागदावर 'प्रयत्न नको' लिहिलंय, सही कर. नाहीतर घरी बस."

यामिनीने तीनशे सतरावा फोटो त्यांच्यापुढे आपटला. त्यात ज्योत एकेक थेंब धरत वर चढली होती.

"सरासरी गेली उडत! कोसळत्या विमानात माणसं बसलेली असतात, सर."

तिने 'प्रयत्न नको' खोडलं, 'जमीन लागेपर्यंत ठिणग्या पाडत राहा' असं लिहिलं आणि खाली सही ठोकली.