दाताचे पैसे

वीस वर्षं पार्लरमध्ये राबल्यावर ताईंना कळलं, की सर्टिफिकेट घेऊन आलेल्या नवख्या पोरीला आपल्या दुप्पट पगार आहे. त्या तडक घरी आल्या, कित्येक वर्षं रखडलेला पुढचा दात बसवायला साठवलेले पैसे काढले आणि कोर्सची फी भरून मोकळ्या झाल्या.

नवऱ्यानं कपाळाला हात लावला. "अगं, या वयात? हे पैसे वसूल कधी व्हायचे?"

"पगार वाढला की सहा महिन्यांत. दात काय मला कमावून देणार आहे?"

पहिल्या दिवशी ताई मागच्या बाकावर बसल्या. मॅडमनी आयब्रो करून दाखवायला घेतल्या आणि दोऱ्याचं टोक डाव्या दाढेत धरलं.

"मॅडम, सगळे पुढच्या दातांत धरतात. तुम्ही दाढेत का?" एका पोरीनं विचारलं.

"मला ज्या ताईंनी शिकवलं, त्यांना पुढचा दातच नव्हता. त्यांचं बघून तीच सवय लागली," मॅडम हसल्या. तेवढ्यात त्यांची नजर मागच्या बाकावर गेली आणि हातातला दोरा गळून पडला.

"ताई, तुम्ही? इथे?"

"दोरा उचला, मॅडम," ताई वही उघडत म्हणाल्या. "पूर्ण फी भरलीय मी."