काटा हलून राह्यला

आर्वीत माझा मित्र पियुष याच्या गोदामात, सोयाबीनच्या पोत्यांमागे, सत्त्याऐंशी सालची अमेरिकन टर्बो गाडी उभी आहे. त्याचे वडील हिरालालजी सोडले, तर कुणालाच ते विचित्र वाटत नाही.

त्या दुपारी इंजिनात हवा दाबून भरणारा नवा, मोठा टर्बो बसवायला आम्ही इंजिन बाहेर काढून साखळीला टांगलं होतं. पियुष गाडीत बसून डॅशबोर्ड पुसत होता.

"अबे, टर्बोची हवा दाखवणारा काटा हलून राह्यला!"

"इंजिन तं इथं लटकून राह्यलं. तुह्या श्वासानं हलत असन. श्वास रोखून पाह्य."

त्यानं गाल फुगवले. काटा सावकाश वर गेला, सावकाश खाली आला. झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

मी हसलो. पियुष हसला नाही.

"दार उघड बे. आतून उघडत नाई."

मी हँडल ओढलं. दार हललं नाही. काटा शून्यावर आला आणि शून्याच्याही खाली, हवा शोषली जाते त्या बाजूला, उतरू लागला. खिडकीची काच आतल्या बाजूला वाकली. पियुषचा शर्ट डॅशबोर्डच्या जाळीकडे खेचला गेला.

काचेपलीकडे त्याचं तोंड हलत होतं, पण तिथून आवाज येत नव्हता.

"ओढ ना बे!" त्याचा आवाज माझ्या पाठीमागून, टांगलेल्या इंजिनातून ऐकू आला.